तीसपैकी अठ्ठावीस

प्रश्न ३. तीन शब्द सांगते. लक्षात ठेवा, पुन्हा विचारीन. (गुण ३)

लिंबू, किल्ली, होडी.

दिगंबररावांनी शब्द नीट ऐकले, म्हणून दाखवले, आणि पाच मिनिटांनी विचारल्यावर म्हणाले, "लिंबू." मग खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाकीचे दोघं येतीलच एवढ्यात."

मागच्या खुर्चीत बसलेल्या हेमाबाईंना हसू आलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, सातवीच्या स्कॉलरशिपचे जादा तास घेतले होते. समोर कोणी तोंडी परीक्षा देत असलं की त्यांचे ओठ आपोआप हलायचे. आता समोर नवरा होता. त्यांनी ओठ दातांखाली दाबून धरले. किल्ली, होडी. किल्ली, होडी.

परीक्षा घेणारी डॉक्टर स्वराली एके काळी त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. तिने गुणांची बेरीज केली.

"तीसपैकी बावीस. वार, तारीख, महिना, जागा सगळं बरोबर. पहिल्या दहात दहा आहेत काकांना."

"आठ कुठे गेले?" हेमाबाईंनी विचारलं.

शास्त्रीय कारण द्या: दिगंबररावांना दोन शब्द आठवले नाहीत.

"बाई, तुम्ही तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवायचात, आठवतं?" स्वराली म्हणाली.

न आठवायला काय झालं! एकीत पाणी आणि हवा. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी, वर तेलाचा थर. तिसरीत नुसती कोरडी हवा. आठ दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तांबडा.

"मेंदू वजनाला शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. इतकं जिथे जळतं तिथे ठिणग्या उडणारच. त्या विझवायची सोय शरीरात असते. पण वय वाढलं, रक्तदाब वाढला, साखर वाढली की ती तोकडी पडते. याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं. ठिणग्या त्याच्यावर पडतात. रक्त लागेल तेव्हा वाहिनी सैल सोडायची आणि रक्तातलं नको ते मेंदूत शिरू द्यायचं नाही, ही त्या अस्तराची कामं. ते भाजलं की वाहिनी ताठरते, शिवण उसवते, नको ते आत झिरपतं. आतला कचरा बाहेर जात नाही, साचतो. आणि साचलेला कचरा आणखी ठिणग्या पाडतो."

"म्हणजे गंज," हेमाबाई म्हणाल्या.

"जवळपास. फक्त खिळा बदलता येतो."

"मग ओता की वरून तेल," दिगंबरराव म्हणाले. सरकारी कचेरीत अडतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. बोलायचा कमी, पण बोलला तर असं.

स्वराली हसली. "काका, तेच करून बघतोय. अस्तर वाचवेल असं वाटणारी एक गोळी आहे. येरवड्याच्या संशोधन केंद्रात तिची चाचणी सुरू झालीय. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. कोणाला कुठली ते मलाही माहीत नसतं. चालते की नाही तेही माहीत नाही."

"आणि आवळा? शेजारचे म्हणतात..."

"आवळा खा, चांगला असतो. पण आवळ्याने हे थांबत नाही, बाई. दुकानातल्या गोळ्यांनीही नाही. आत्ता आपल्याकडे आहे ती एवढीच एक वाट."

"त्यात घेणार कसं?"

"अठरा जुलैला तिथे पुन्हा हीच परीक्षा घेतील. त्यावर ठरेल. हा फॉर्म घरी नेऊन वाचा. नीट वाचा, बाई."

त्यावर ठरेल. ज्या घरात तीन पिढ्या मास्तरकी झाली, त्या घरात या वाक्याचा अर्थ एकच. जागा थोड्या, मुलं फार. ज्याला गुण जास्त, त्याला जागा. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे हेमाबाईंच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

फॉर्म अकरा पानी होता. त्यांनी तो कात्रजच्या घरी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन वाचला. पानागणिक बरोबरची खूण करत गेल्या. चौतीस वर्षं वह्या तपासलेला हात. तो डोळ्यांच्या पुढे धावतो.

प्रश्न १०. कोणतंही एक वाक्य लिहा. (गुण १)

हा प्रश्न मधूनच घेतोय, कारण हेमाबाईंनी तयारीला सुरुवात याच्यापासून केली.

पहिल्या परीक्षेत दिगंबररावांनी आपल्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: *हिच्याबरोबर आलो आहे.*

स्वरालीने त्याला गुण दिला होता. हेमाबाईंनी दिला नसता. "हे काय वाक्य आहे? हिच्याबरोबर म्हणजे कोणाबरोबर? कुठे आलात? तपासणारा खडूस निघाला तर अर्धा गुण कापेल."

"एकाच गुणाचा प्रश्न आहे, त्यातला अर्धा काय कापतोय."

"काही नाही. नवीन वाक्य बसवू. पुणे हे विद्येचे माहेरघर आहे."

"कोणाचं?"

"विद्येचं. लिहा."

त्यांनी लिहिलं. दहा वेळा. दुरेघी वहीत.

प्रश्न १. आज वार कोणता? तारीख, महिना, वर्ष, ऋतू? (गुण ५)
प्रश्न २. आपण कुठे आहोत? राज्य, शहर, भाग, इमारत, मजला? (गुण ५)

या घरात तिन्हीसांजेला परवचा म्हणायची पद्धत होती. हेमाबाईंच्या वडिलांनी त्यांच्याकडून म्हणवून घेतला, त्यांनी मुलाकडून, केयूरकडून, घेतला. दिवा लागला की मांडी घालून बसायचं आणि पाढे म्हणायचे. बेरीज-वजाबाकी विसरलेली माणसं पाहिलीत; सतरा पाचे पंच्याऐंशी विसरलेला माणूस हेमाबाईंनी पाहिला नव्हता. परवचात गेलेली गोष्ट बाहेर येत नाही. तेव्हा पेपर परवचात घालायचा.

पेपर त्यांना पाठ होताच. एकदा ऐकला होता, तेवढं पुरेसं होतं.

"आई, तू बाबांना मेमरी टेस्टचं कोचिंग देतेयस? सीरियसली?" वाकडहून केयूरचा फोन.

"मग काय तसंच पाठवू?"

तो हसला. "घे बाई. तुझ्या हातून गेलेला मुलगा नापास होत नाही, माझं उदाहरण आहेच."

दिवा लागला. दोघं समोरासमोर बसली.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

तो शुक्रवारच होता. अठ्ठावीस जून.

"गुरुवार म्हणा."

"अगं, शुक्रवार. सकाळी वर्तमानपत्रात नवीन सिनेम्यांच्या जाहिराती होत्या."

"परीक्षेच्या दिवशी गुरुवार असणार. अठरा जुलै. आत्तापासून तेच बसवू, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको. म्हणा, आज गुरुवार."

"आज गुरुवार," दिगंबरराव म्हणाले, आणि कॅलेंडरकडे पाहिलं. हेमाबाईंनी उठून कॅलेंडर उतरवलं आणि कपाटात ठेवलं.

"भाग कोणता?"

"कात्रज."

"येरवडा."

"येरवड्याला धाडतेस? काय गुन्हा केला मी?"

"मजला?"

"पहिला. लिफ्ट बंद पडली तरी अडायला नको म्हणून मीच घेतला."

"तिसरा म्हणा. केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे."

त्या संध्याकाळी दिगंबररावांची सगळी उत्तरं बरोबर होती. वार, तारीख, महिना, भाग, इमारत, मजला: हेमाबाईंनी त्यातली सहा खोडली.

वीस संध्याकाळी हे चाललं. लिंबू, किल्ली, होडी. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात. पहिल्या आठवड्यात अडखळत, दुसऱ्यात सलग. दिगंबरराव खुशीत असायचे. हेमाबाई चहा ओतताना विचारायच्या, "बिस्किट देऊ?" आणि ते गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "पेपरात आहे का?"

"नाही."

"मग ऑप्शनला टाक."

दोघं हसायची. किती महिन्यांनी, ते हेमाबाईंनी मोजलं नाही.

प्रश्न ८. हा कागद उजव्या हातात घ्या, अर्धा दुमडा, जमिनीवर टाका. (गुण ३)

अठरा जुलै. कागद दिगंबररावांनी घेतला, दुमडला आणि टेबलावर ठेवला.

"जमिनीवर, काका," परीक्षा घेणारा आमोद म्हणाला. केंद्रातला तरुण मुलगा, कानात बाळी, आवाज मऊ.

"कागद जमिनीवर टाकत नसतात."

हा एक गुण गेला. दुसरा घड्याळाच्या चित्रात गेला: वर्तुळ कंपासने काढल्यासारखं, बाराही आकडे जागच्या जागी, पण काटे नाहीत. बाकी सगळं वाहत्या पाण्यासारखं. आमोदने "शंभरातून सात" एवढं म्हटलं आणि पुढून आलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." काचेच्या दाराबाहेर हेमाबाई बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

अठ्ठावीस.

आमोदने आकडा सांगितला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ होता, पण हेमाबाईंनी तो पाहिला नाही. परतताना त्यांनी पेढे घेतले. समोरच्या फ्लॅटमध्ये यवतमाळकडचे नागोराव राहायचे. त्यांना पहिला पेढा.

"अठ्ठावीस? तीसपैकी?" नागोराव म्हणाले. "माह्या नातवाले नाही पडत इतके मार्क, बाई! साहेबांना बसवा बारावीले."

दिगंबररावांनी मान तुकवून अभिनंदन स्वीकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरालीचा फोन आला.

"बाई, काकांचे गुण खूपच चांगले आलेत."

"आहेतच मुळी. गोळ्या कधीपासून?"



"बाई, चाचणीत वीस ते पंचवीस गुणवालेच घेतात. ज्यांचं बिघडायला लागलंय पण फार बिघडलेलं नाही, असे. अठ्ठावीस म्हणजे... कागदावर काका चांगले आहेत. त्यांना घेता येत नाही."

"कुठे लिहिलंय असं?"

"फॉर्मच्या सातव्या पानावर."

हेमाबाईंनी फॉर्म काढला. सातवं पान. मधोमध ठळक अक्षरांत: *गुण २० ते २५*. शेजारी लाल पेनाने केलेली बरोबरची खूण. ठसठशीत.

रिकाम्या जागा भरा.

"मी त्यांची ............ करून घेतली होती," हेमाबाई फोनवर म्हणाल्या.

स्वरालीला शब्द भरायला वेळ लागला नाही. "तयारी? कशी?"

त्यांनी सांगितलं. वहीसकट, कॅलेंडरसकट.

"बाई," स्वराली हळू म्हणाली, "सातवीत आमच्या वर्गातल्या ऋजुताला पेपर आधी मिळाला होता, तेव्हा तुम्ही तिला काय म्हणाला होतात? मला अजून आठवतं. पेपर फोडून आलेले गुण तुझे नसतात."

हेमाबाईंनी फॉर्म मिटला.

मग स्वरालीनेच मार्ग काढला. नियमात एक फट होती. तीन महिन्यांनी एकदाच फेरपरीक्षा. पण पेपर वेगळा असेल, शब्द वेगळे, वजाबाकी वेगळी. "आणि तोवर काही शिकवू नका, बाई. उलट शिकवलेलं जाऊ दे."

म्हणून ज्या माणसाला काही लक्षात राहत नव्हतं, त्याला हेमाबाई विसरायला शिकवू लागल्या.

कॅलेंडर परत भिंतीवर आलं. रोज सकाळी बोट ठेवून, "आज काय? चार ऑगस्ट, रविवार." दिगंबरराव बोटाकडे पाहायचे, "हो," म्हणायचे. संध्याकाळी दिवा लागला की न सांगता मांडी घालून बसायचे आणि सुरू: "आज गुरुवार, अठरा जुलै. महाराष्ट्र, पुणे, येरवडा, तिसरा मजला." हेमाबाईंनी दिवा लावायचा बंद केला. तरी बाहेर अंधारलं की त्यांना कळायचं.

जे त्यांचं स्वतःचं होतं ते रोज थोडं थोडं जात होतं. हेमाबाईंनी घातलेलं मात्र पक्कं बसलं होतं.

घटस्थापनेच्या सकाळी ते न्हाणीघरात नळाला हात लावून उभे दिसले. नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते कळत नव्हतं. ओठाची उजवी कड खाली आली होती, उजवा हात लुळा पडत चालला होता. दवाखान्यात तीन दिवस. हात परत आला, ओठ जागेवर गेला. मेंदूच्या फोटोत आधीच असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांत आणखी चार-पाच दिसले. बारीक रक्तवाहिनी बंद पडली, डॉक्टर म्हणाले. अशा आणखी पडतील.

प्रश्न ५. मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते? (गुण ३)

एकवीस ऑक्टोबर, सोमवार. तोच तिसरा मजला, तोच आमोद. या खेपेला शब्द होते छत्री, घोडा, पेरू. या वेळी हेमाबाईंना आत बसू दिलं होतं, मागे, भिंतीला टेकून.

"माझ्यामागून म्हणा, काका. छत्री, घोडा, पेरू."

"लिंबू, किल्ली, होडी."

"नाही, छत्री..."

"लिंबू, किल्ली, होडी," दिगंबरराव म्हणाले. चुकलेल्या मास्तराला हुशार मुलगा सांभाळून घेतो, तसं.

"बरं. चाळीसातून तीन वजा..."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी."

"आज तारीख काय?"

"अठरा जुलै. गुरुवार. पावसाळा." आणि मग मागे वळून त्यांनी हेमाबाईंकडे पाहिलं. तोंडी चांगली गेली की मुलं पाहतात तसं.

वाक्य लिहायला सांगितल्यावर त्यांनी लिहिलं: *पुणे हे विद्येचे माहेरघर आहे.*

तेरा गुण.

स्वरालीने तिच्या खोलीत फाइल उघडून तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बावीस. अठ्ठावीस. तेरा. हेमाबाई शेवटच्या कागदावर वाकल्या आणि बोटाने चाचपत गुण मोजू लागल्या.

"वार, तारीख, महिना, ऋतू. हे चार माझे. मी शिकवलं नसतं तर हे आले असते. शब्द नुसते मागून म्हणायचे होते, ते तीन. तेही माझे. तेरा आणि सात." त्यांनी मान वर केली. "वीस. वीसला घेतात ना?"

"असं जमत नसतं, बाई. मधे झटका आलाय. कदाचित काहीच आलं नसतं."

"कदाचित."

"ठिपके तुम्ही पाडले नाहीत."

"आणि गोळी? ती तरी निरुपयोगी निघाली का?" हा प्रश्न विचारताना हेमाबाईंच्या आवाजात जी आशा होती, तिची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

स्वराली खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण ती त्यांचीच विद्यार्थिनी होती. "अजून कळलेलं नाही. दोन वर्षं लागतील."

हेमाबाईंनी पहिला कागद उचलला. *हिच्याबरोबर आलो आहे.* कोरीव अक्षर, वर रेषा एकसारखी. कोणाबरोबर ते आता अगदी स्पष्ट होतं. कुठे, तेही.

"हा मी नेऊ का?"

"फाइलमधला आहे, बाई. देता येत नाही."

प्रश्न ११. घड्याळ काढा. (गुण १)

(सोडवला नाही.)

प्रश्न

याला क्रमांक नाही.

मे महिना. चाचणीतल्या सगळ्या जागा डिसेंबरातच भरल्या. दिगंबरराव आता हाताला धरून न्यावे लागतात, जेवताना घास विसरतात, केयूर आला की त्याला लवून नमस्कार करतात. बोलणं जवळजवळ थांबलंय. पण अंधारायला लागलं की अंगात वारं भरल्यासारखे ताठ होतात. हेमाबाईंनी दिवा पुन्हा लावायला सुरुवात केलीय. न लावून काही फरक पडत नाही.

आजही लावला. समोर बसल्या.

"आज गुरुवार, अठरा जुलै," दिगंबरराव म्हणाले. आवाज खणखणीत. "महाराष्ट्र, पुणे, येरवडा, तिसरा मजला. लिंबू, किल्ली, होडी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पुणे हे विद्येचे माहेरघर आहे."

एक अक्षर चुकलं नाही. मग ते थांबले. त्यांच्यापुरता पेपर संपला होता.

खाली रस्त्यावर बस वळण घेत होती. हेमाबाई थोड्या पुढे सरकल्या.

"अहो."

त्यांनी पाहिलं.

"मी कोण?"

दिगंबररावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हेमाबाईंचा चेहरा डावीकडून उजवीकडे वाचला, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. मग अदबीने, जरा भीतभीत विचारलं, "पेपरात आहे का?"

हेमाबाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एक शब्द, दोन अक्षरी. रोज म्हणवून घेतला तर वीस संध्याकाळी पुरे होत होत्या. पण त्या संध्याकाळी गेल्या वर्षीच्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "पेपरात नव्हतं."

त्यांचा चेहरा निवळला. ते पुढे वाकले आणि परीक्षेच्या दारात भेटलेल्या अनोळखी माणसाला धीर द्यावा तसं म्हणाले, "मग ऑप्शनला टाका, बाई."